बसच्या पाठीवरची बाई

माझं तोंड सध्या सात नंबरच्या बसच्या ढुंगणावर आहे. शब्द बरा नाही, पण जागा तीच आहे आणि मला त्या जागेसाठी दुसरा शब्द सुचत नाही. चांगलं दाराएवढं तोंड आहे. निळा स्वेटर, चष्मा, हातात निळ्या पाण्याचा काचेचा चंबू आणि त्या चंबूतून वर निघालेले बुडबुडे, जे मी जन्मात कधी काढले नव्हते. शेजारी मोठमोठी अक्षरं : ‘माझ्या वर्गात बसून तर बघ’. खाली कॉलेजचं नाव. त्याच्याही खाली, बरोबर माझ्या हनुवटीशी, धुराचं नळकांडं. सकाळी बस डेपोतून निघते तेव्हा मी उजळ असते. संध्याकाळपर्यंत मला दाढी येते.

हे मी हसत सांगते आहे असं कुणाला वाटलं तर ते चुकलं. ज्या वर्गात बसून बघायला मी सगळ्या गावाला बोलावते आहे तो वर्गच आता नाही. उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजने रसायनशास्त्राचा विभाग बंद केला आणि मला घरी पाठवलं. ‘कराराची मुदत संपली आहे, शुभेच्छा’ असा निरोप मोबाइलवर आला, पुढे एक फुलाचं चित्र. अठरा वर्षांची नोकरी फुलासकट संपली. माझा फोटो मात्र त्यांनी ठेवून घेतला. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मला पाठ आहे. पण वैद्याला हाकलल्यावर त्याचीच पाटी लावून दुकान चालवायचं ही पुढची पायरी आमच्या कॉलेजने शोधून काढली.

माझी आई दिवसभर खिडकीत बसते. खालून बस गेली की ती मला हाक मारते, ‘‘गेलीस ग.’’ नोकरी सुटल्याचं तिला सांगितलं तेव्हा तिने आधी खाली रस्त्याकडे पाहिलं.

‘‘मग फोटो कशाला लावलाय?’’ तिने विचारलं.

‘‘तेच विचारून आले.’’

‘‘काय म्हणाले?’’

मी विचारायला गेले होते हे खरं आहे. ऑफिसातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, ‘‘मॅडम, फोटो कॉलेजच्या आवारात काढलाय. तो कॉलेजचा.’’ मी म्हटलं, उद्या आवारात पडून माझा दात तुटला तर तोही कॉलेजचा का? त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. प्राचार्य मीटिंगमध्ये होते. मी गेले की ते नेहमी मीटिंगमध्येच असतात.

‘‘फोटो चांगला आलाय पण,’’ आई म्हणाली. ‘‘एवढी हसरी तू घरात दिसत नाहीस.’’

त्या हसण्याचीही गोष्ट आहे. फोटो काढायला जाहिरात कंपनीची माणसं आली तेव्हा मी खरोखर तास घेत होते आणि तो वर्षातला पहिला तास होता. माझ्या पहिल्या तासाचा एक नियम असे. प्रत्येकाने घरून एक लोखंडी खिळा आणायचा. जुना चालेल, गंजका चालेल, तो आपण घासून लख्ख करू. मग मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तो सोडायचा आणि गप्प बसायचं. हळूहळू खिळ्यावर तांब्याचा लाल थर चढतो. पुस्तकात चार ओळींत संपणारी गोष्ट पोरांच्या डोळ्यांदेखत घडते आणि वर्गात असा एक आवाज होतो, बोलण्याचा नाही, श्वासाचा. अठरा वर्षं मी त्या आवाजावर जगले. पोरं तो खिळा खिशात घालून घरी नेत. माझा एक जुना विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप, अजून तो किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगतो.

मी त्या आवाजाला हसले आणि तेवढ्यात फोटो निघाला. फोटोवाला म्हणाला, ‘‘खिळा काय दिसणार बसवर? काढून टाकू.’’ खिळा गेला आणि बुडबुडे आले.

एवढं सगळं मी गिळलं असतं. फोटोने अंगाला भोकं पडत नाहीत. पण मग सात नंबरच्या ड्रायव्हरने मला ती बातमी दिली.

मी आता गावाच्या दुसऱ्या टोकाला शिकवण्या घेते आणि तिकडे जाणारी बस ही एकच. म्हणजे रोज माझ्याच तोंडामागून धावत जाऊन मला बस पकडावी लागते. ड्रायव्हर माझ्याच वयाचा, बोलका, आणि आपण बाईंना पाठीवर घेऊन फिरतो याचा त्याला कोण अभिमान. मी पुढच्या आडव्या बाकावर बसते.

‘‘बाई, तोंड गोड करायला हवं होतं तुमचं,’’ तो त्या दिवशी म्हणाला. ‘‘पण हात गुंतलेत.’’

‘‘काय झालं, दादा?’’

‘‘पोरीचं ठरलं. तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच विषयाला.’’

त्याची पोरगी मला माहीत होती. कधीतरी डबा द्यायला शेवटच्या थांब्यावर येई आणि मी दिसले की अणू, रेणू, काहीतरी विचारीच. एकदा तिने विचारलं होतं की लोखंड गंजतं तेव्हा वजन वाढतं की कमी होतं. पुस्तकात लिहिलंय का म्हटल्यावर म्हणाली, ‘‘नाही, आमच्या फाटकाकडे बघून विचारतेय.’’ असं पोर वर्गात एक असलं तरी मास्तराचं वर्ष निभतं.

‘‘तिला तर परगावच्या सरकारी संस्थेत जागा मिळाली होती ना?’’ मी म्हटलं. ‘‘वसतिगृहासकट?’’

‘‘मिळालीय की. सोमवारी शेवटचा दिवस आहे, हो की नाही ते कळवायचा. पण सोडते म्हणाली. बाई इथंच आहेत तर तिकडं कशाला जाऊ, म्हणाली. तिची आईही खूश. पोरगी डोळ्यांसमोर राहील.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या संस्थेत खऱ्या प्रयोगशाळा आहेत, नळाला पाणी आहे, शिकवणारी माणसं आहेत. आमच्या कॉलेजात काय आहे? ‘उपयोजित विज्ञान आणि नवनिर्मिती’ नावाचा नवा अभ्यासक्रम. नाव इतकं लांब की त्यात काय शिकवतात हे विचारायचं राहूनच जातं. सांगते. एक पडदा आहे. पडद्यावर कुणीतरी कुठेतरी केलेले प्रयोग दाखवतात. पोरं खुर्च्यांत बसून बघतात आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन घरी जातात.

‘‘दादा, नीट ऐका,’’ मी म्हटलं. ‘‘मी तिथं नाही. मला काढलंय. विभागच बंद केलाय.’’

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

‘‘पण बाई, गेल्या आठवड्यातच जुना कागद काढून नवा चिकटवला. मी उभा होतो तिथं.’’

‘‘चिकटवू देत. मी नाही तिथं.’’

‘‘ज्याला काढलं त्याचा फोटो नवा कशाला चिकटवतील?’’

आईचाच प्रश्न. सरळ माणसांना हा प्रश्न पडणारच. असं कुणी करेल हे त्यांच्या डोक्यात येतच नाही, आणि त्याच भरवशावर ही सगळी जत्रा चालते.

दुसऱ्या दिवशी पोरगी स्वतः बसमध्ये आली. माझ्या शेजारी बसली आणि फार आदराने, फार हळू आवाजात मला समजावू लागली.

‘‘रागावू नका बाई. बाबा म्हणाले तुमचं काहीतरी बिनसलंय तिथं. पण ते मिटेल ना? नाहीतर कॉलेजनं मला हे कसं पाठवलं असतं?’’ तिने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर पुन्हा माझं तोंड. खाली लिहिलेलं : ‘या शनिवारी बाई स्वतः तुमचा पहिला तास घेणार. बसून बघा, मग ठरवा.’

‘‘मला हे माहीत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘असं कसं?’’ ती हसली. मी गंमत करते आहे असं तिला वाटलं. ‘‘मी शनिवारी येणार. तुमचा तास बघीन आणि मगच ठरवीन. तुम्ही नसलात तर सोमवारी तिकडं हो म्हणेन. बरोबर आहे ना?’’

बरोबर होतं. पोरगी डोक्याने विचार करत होती. तिच्या डोक्यात घातलेला माल तेवढा खोटा होता.

त्याच संध्याकाळी फोन आला. जाहिरात कंपनीतली एक बाई होती. आवाज असा गोड की कानाला चिकटावा.

‘‘मॅम, कशा आहात? शनिवारचं लक्षात आहे ना?’’

‘‘कुठल्या शनिवारचं?’’

‘‘मॅम, म्हणजे काय! ट्रायल क्लास. तुमचा फेस खूप चाललाय मॅम. बाकी कशापेक्षा जास्त.’’

‘‘तो कुठे कुठे चाललाय ते मला ठाऊक आहे. सात नंबरचा मार्ग.’’

ती खळखळून हसली. ‘‘मॅम, प्लीज तो निळा स्वेटर घाला हं. लोकांनी ओळखलं पाहिजे.’’

‘‘तुम्हाला कॉलेजने माझ्याबद्दल काही सांगितलं नाही का?’’

‘‘कशाबद्दल, मॅम?’’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिला माहीतच नाही. कॉलेजने विभाग बंद केला, माणूस काढला आणि ज्या कंपनीला कॉलेज विकायला दिलंय तिला हे कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. का येईल? त्या इमारतीत शिकवणं एका मजल्यावर आणि जाहिरात दुसऱ्या मजल्यावर, आणि मधला जिना कुणी वापरत नाही. मला काढणाऱ्या लोकांनीच मला बोलावलं होतं, माझं सोंग घेऊन उभं राहायला.

मी तिला तिथल्या तिथे खरं सांगणार होते. शब्द जिभेवर आले होते. पण मग काय झालं असतं? शनिवारी कुणीतरी माइक घेऊन सांगितलं असतं, बाईंना अचानक ताप आलाय, पुढच्या महिन्यात भेटतीलच. आणि पोरीने सोमवारी हातातली जागा सोडली असती.

‘‘किती वाजता येऊ?’’ मी विचारलं.

शुक्रवारी बसमधून उतरताना मी ड्रायव्हरला म्हटलं, ‘‘पोरीला सांगा, उद्या येताना घरून एक खिळा आण.’’

आता कॉलेजच्या फाटकाचं सांगते. पूर्वी तिथे एक म्हातारा पहारेकरी असे आणि एक फळा. आता फुग्यांची कमान होती. कमानीखाली दोन मुली प्रत्येक येणाऱ्याच्या हातात एक छोटी कुंडी देत होत्या आणि म्हणत होत्या, ‘‘तुमचं भविष्य इथे उगवेल.’’ कुंडीत माती होती, बी होतं की नाही देव जाणे. पुढे पदवीचा काळा झगा आणि टोपी टांगलेली, बारावीच्या पोरांनी ती घालून फोटो काढून घ्यायचा. अजून प्रवेश नाही आणि पदवीचा फोटो तयार. बाजारात तुरी. एका कोपऱ्यात गोल फिरणारी चकती, ती फिरवली की कुणाला पाण्याची बाटली, कुणाला पाठपिशवी, आणि आज प्रवेश घेणाऱ्यांपैकी एकाला टॅब्लेट. तिथली रांग सगळ्यात लांब होती. आणि या सगळ्याच्या मधोमध मी होते. पुठ्ठ्याची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, हातात चंबू. पोरं माझ्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढत होती. जिवंत मी बाजूने गेले तर एक पोरगा म्हणाला, ‘‘काकू, जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय.’’

प्राचार्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

‘‘तुम्ही?’’

‘‘बोलावलंय मला. स्वेटर घालून ये म्हणाले, घालून आले.’’

त्यांनी आधी जाहिरातवाल्या बाईकडे पाहिलं, ती लांबून दोन्ही अंगठे वर करून दाखवत होती. मग त्यांनी माझ्या कोपराला धरून मला जिन्याखाली नेलं. माणूस हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. तिथे पोचेपर्यंत त्यांचा चेहरा सावरला होता आणि आवाजात लोणी आलं होतं.

‘‘हे बघा, झालं ते झालं. माझ्या हातात काही नव्हतं. पण आज आला आहात तर तास मस्त घ्या. आपले संस्थाचालक आलेत, ते बघतील. प्रवेश भरपूर झाले तर मी स्वतः शब्द टाकतो. विभाग परत चालू होऊ शकतो. तुमच्यासाठी होऊ शकतो.’’

खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. शिकवण्यांमध्ये पोरं गुण मागतात, श्वासाचा आवाज करत नाहीत. मला माझी खोली हवी होती, माझे नळ, माझी डागाळलेली टेबलं, तो आम्ल सांडून पडलेला डाग जो वीस वेळा घासूनही गेला नाही. या माणसाने शब्द टाकला तर कदाचित, कदाचित मिळेलही.

‘‘कुठे घ्यायचा तास?’’ मी विचारलं.

‘‘तुमच्याच प्रयोगशाळेत,’’ ते म्हणाले आणि जिंकल्यासारखे हसले.

मी वर गेले आणि दारात थांबले. प्रयोगशाळेची त्यांनी बैठक केली होती. बेसिनांवर प्लायवूड ठोकून त्यावर गाद्या घातल्या होत्या. नळ कापून टाकले होते, भिंतीत फक्त तोंडं राहिली होती, तीही चकचकीत टोप्या लावून बंद. जिथे माझं काचेचं कपाट होतं तिथे कॉफीचं यंत्र. माझ्या टेबलाचा डाग झाकायला मखमलीचा कपडा आणि त्या कपड्यावर निळ्या पाण्याचा चंबू. या खोलीत विभाग परत चालू होणार होता म्हणे. नळ कापणारा माणूस पाणी देईन म्हणून शब्द टाकत होता.

त्या शब्दाची आशा मी दारातच सोडली.

खोली गच्च भरली होती. पहिल्या रांगेत ड्रायव्हर, इस्त्रीचा शर्ट घालून, बदली माणूस देऊन आलेला. शेजारी पोरगी, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. मागे आईबाप, पोरं, मांडीवर कुंड्या. प्राचार्य माइक घेऊन बाजूला उभे. जाहिरातवाली कॅमेऱ्यावाल्याला जागा दाखवत होती.

‘‘खिळा कुणी आणलाय?’’ मी विचारलं.

पोरगी उठली. तिच्याकडे एक नव्हे, दोन होते, म्हणाली, एक वाकडा निघाला तर असावा म्हणून. मी पिशवीतून घासायचा कागद काढून दिला. तिने दोन्ही खिळे लख्ख घासले, सगळ्यांच्या समोर, घाई न करता. मग मी पिशवीतून घरचा एक पेला काढला, पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि कागदाच्या पुडीतला मोरचूद, नाव न सांगता, त्यात विरघळवला. बागेला फवारतात तोच, कुठल्याही दुकानात मिळतो. पाणी निळं झालं. आता टेबलावर दोन निळी पाणी होती, माझा पेला आणि कॉलेजचा चंबू. दोन्ही सारखी, खरं सांगायचं तर चंबूतला निळा जास्त सुंदर.

‘‘यातला मोरचूद कुठला, ते बघून सांगता येईल?’’

सगळे म्हणाले चंबूतला. कुणीतरी म्हणालं, जाहिरातीत तोच आहे.

‘‘एकेक खिळा सोड,’’ मी पोरीला म्हटलं. ‘‘आणि सगळ्यांनी गप्प बसा.’’

माणसांना गप्प बसवणं सोपं नसतं, पण ते मला येतं. मिनिटं गेली. पेल्यातल्या खिळ्यावर आधी नुसती सावली आली, मग तपकिरी, मग तांबूस. पोरगी टेबलावर वाकली. आणि तो आवाज झाला, श्वासाचा. मागच्या रांगेतले बाप उभे राहिले. मला रडू आलं असतं, पण मला वेळ नव्हता.

‘‘आता दुसरा बघ.’’

तिने चंबूत डोकावलं. खाली वाकून काचेतून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. खिळा जसा होता तसाच होता.

‘‘याला काहीच झालं नाही.’’

‘‘का?’’

‘‘कारण यात मोरचूद नाही,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘यात फक्त रंग आहे.’’

‘‘सरबताचा,’’ मी म्हटलं. ‘‘कॅन्टीनमधला, वासावरून कळतं. फोटोत छान येतो.’’ मग मी पुढच्या गादीचं टोक उचललं आणि प्लायवूड दाखवलं. ‘‘याच्याखाली बेसिन आहे. त्या टोप्यांच्या मागे नळ होते, ते कापले. ही खोली प्रयोगशाळा होती. आता नाही. इथे रसायनशास्त्र शिकवत नाहीत, पडद्यावर दाखवतात. आणि मी इथे नोकरीला नाही. मला काढलंय. बाहेर उभी आहे ती पुठ्ठ्याची आहे.’’

मला वाटलं, झालं, आता पेटेल. कुणीतरी उठेल, विचारेल, ओरडेल. मी आयुष्यात इतकी वाट कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात माइकमधून प्राचार्य हसले. मोठ्याने, कौतुकाने हसले.

‘‘बघितलंत? ही आमच्या बाईंची खास पद्धत. जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. हाच आमच्या कॉलेजचा मंत्र. जोरदार टाळ्या.’’

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशपथ सांगते, वाजवल्या. काही जण उभे राहून वाजवत होते. मी ओरडत होते की मी नाटक करत नाही, आणि मी जितकं ओरडले तितके ते खूश झाले. एका बाईने शेजारणीला म्हटलेलं मला ऐकू आलं, ‘‘किती जीव ओतून शिकवतात.’’ मग कुणीतरी सांगितलं की टॅब्लेटची सोडत सुरू होतेय, आणि सगळी माणसं कुंड्या सांभाळत खाली गेली.

मागे तिघं राहिलो. पोरगी अजून टेबलापाशी होती. तिने पेल्यातला लाल खिळा काढला, रुमालात गुंडाळला. मग चंबूतला काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

‘‘हा तुम्हाला राहू दे बाई,’’ ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. ‘‘मी तिकडं हो कळवते.’’

दारातून बाहेर पडताना ड्रायव्हरने कोपऱ्यातल्या कॉफीच्या यंत्राकडे असं पाहिलं की ते यंत्र माणूस असतं तर खाली बसलं असतं.

पोरगी गेली. मी एवढ्यावर समाधान मानलं, निदान मानायचा प्रयत्न केला. बाकीच्यांचे प्रवेश त्या दिवशी धडाधड झाले असं ऐकलं. विभागाचं काय झालं ते विचारायला मी गेले नाही.

महिनाभराने आई खिडकीतून ओरडली, ‘‘अग ए, तू बदललीस.’’

मी खाली पाहिलं. सात नंबर थांब्यावरून निघत होती. पाठीवर नवा फोटो. मीच, पण आता स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या, हात पुढे, तोंड उघडं. मी ओरडत होते तो क्षण, पण असा टिपलेला की वाटावं, बाई रंगून शिकवतायत. आणि माझ्या शेजारी, चंबूवर वाकलेली, डोळे विस्फारलेली ड्रायव्हरची पोरगी. याला काहीच झालं नाही, असं म्हणत होती तेव्हाची. वर लिहिलं होतं : ‘इथे विश्वास ठेवायला नाही, तपासायला शिकवतात’.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना. यांनी म्हैस मारली, तिचं दूध विकलं आणि ती शिंगं उगारून अंगावर आली तर शिंगांचेही पैसे केले.

दुसऱ्या दिवशी मी थांब्यावर गेले. बस आली. ड्रायव्हरचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

‘‘बघितलंत?’’ तो म्हणाला. ‘‘डेपोत विचारलं मी. म्हणाले, जाहिरातीला हात लावलास तर घरी बसशील. काल पोरीचा फोन आला. तिच्या मैत्रिणीच्या धाकट्या भावानं तुमच्या जुन्या कॉलेजात नाव घातलं. मोबाइलवर हीच जाहिरात बघून, ही तिथंच शिकते असं वाटून. माझ्या पोरीकडं बघून, बाई. आणि मी ते पाठीवर घेऊन गावभर फिरवतोय.’’

हा माणूस कुणासाठी थांबत नाही. धावत येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी नाही, हात करणाऱ्या पोलिसासाठी नाही. वेळ म्हणजे वेळ. मी त्याच्याकडे पाहिलं, मग पर्स उघडली. खिळा तिथेच होता, ज्याला काही झालं नव्हतं तो.

‘‘दादा, तुम्ही हात लावू नका,’’ मी म्हटलं. ‘‘मला तर त्यांनी आधीच घरी बसवलंय.’’

मी खाली उतरले आणि मागे गेले. इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. आतून कुणीतरी विचारलं, काय झालं, आणि ड्रायव्हरचं उत्तर मला ऐकू आलं, ‘‘गाडी तापलीय. सगळ्यांनी गप्प बसा.’’

भर सकाळ होती. थांब्यावर माणसं होती, मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी माझ्या कपाळावर खिळा टेकवला आणि ओढला. चिकटवलेला कागद चरचरत फाटला, खालचा पत्रा दिसू लागला. फळ्यावर लिहिण्याची सवय हाताला आहे. मोठ्या अक्षरात, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत मी लिहिलं : मी इथे शिकवत नाही.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ‘‘झालं का, बाई?’’

‘‘थांबा. तुमची पोरगी राहिलीय.’’

‘‘लिहा सावकाश,’’ तो म्हणाला. ‘‘लांबून वाचता आलं पाहिजे.’’